एक ओमची कबुली

१

गाडीच्या मागच्या अर्ध्या भागाचा कोळसा झाला, ही बातमी ताईला पहिल्या दिवशीच कळली होती. पण मास्तरांनी ‘चूक माझी’ असं लिहून खाली सही ठोकली, हे कळायला चौथा दिवस उजाडला. त्या क्षणी तिने हातातला सोल्डरिंग आयर्न टेबलावर असा आदळला, की शेजारच्या घड्याळवाल्याने काचेतून मान वर केली.

बाजारातल्या त्या गल्लीत तिला सगळे फ्यूजताई म्हणत. जळालेले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि तापायला तिला स्वतःला सेकंदही पुरे होता. हे काम तिला मास्तरांनी शिकवलं होतं. गाड्यांत साउंड सिस्टिम बसवणाऱ्या मोठ्या शोरूममध्ये ते बावीस वर्षं फिटर होते. आवाज चढवून बोललेले कुणाला आठवत नव्हते.

ती तडक त्यांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं.

“चार दिवस झाले, चष्मा काढून बसलेत,” काकू हळूच म्हणाल्या. “म्हणतात, आता त्याचा उपयोग काय.”

मास्तर खिडकीशी बसले होते. समोर हत्यारांची पेटी, कुलूप लावलेली.

“सही का केलीत?” ताईने बसायच्या आधीच विचारलं.

“शोरूमचे मालक म्हणाले, लिहून दिलं तर प्रकरण पोलिसांत जाणार नाही. वय झालंय, नजर गेलीय, लोक समजून घेतील.”

“आणि तुम्ही ऐकलंत?”

“गाडीवाल्या बाईंची पोर मागच्या सीटवर बसली होती गं. आईने ओढून काढली म्हणून वाचली. बाईंचा हात भाजलाय.” मास्तरांनी पेटीच्या कुलपावर बोट फिरवलं. “कामाच्या कार्डावर मीच लिहिलंय, वूफर स्पीकरच्या दोन्ही कॉइल पॅरलल. वूफर चार-चार ओमचा असता तर अडथळा दोन ओम झाला असता, अ‍ॅम्पला झेपला असता. मालक म्हणतात, दिला होता तो दोन-दोनचाच. तो पॅरलल केला की उरतो एक ओम. अडथळा निम्मा, करंट दुप्पट. अ‍ॅम्पही तापणार आणि वायरही.”

“तुम्ही लेबल वाचलं असेल ना?”

“लेबलवरचा आकडा केवढासा. दोनचा चार वाटला असेल.”

“आणि मीटर? मीटर लावल्याशिवाय तुम्ही कधी बॉक्स बंद केलाय?”

“मीटरवरचा आकडाही याच डोळ्यांनी वाचला ना, पोरी.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “ती गाडी मीच जाळली.”

२

विमा कंपनीचं आवार शहराबाहेर होतं. ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्यांच्या रांगेत शेवटी ती गाडी उभी होती. मागची काच नाही, सीटच्या नुसत्या स्प्रिंगा, आणि अजूनही नाकात जाणारा जळक्या रबराचा वास. मागच्या सीटखाली लहान मुलाची एक चप्पल वितळून पत्र्याला चिकटली होती. ताईने ती पाहिली आणि तिच्या डोक्याची शीर ताडताड उडू लागली.

सर्व्हेअर काटकुळा, कामाला चोख माणूस होता. “बॉक्सच्या टर्मिनलवर मीटर लावला. शून्य पॉइंट नऊ. म्हणजे साधारण एक ओम. अ‍ॅम्पला किमान दोन हवेत. कार्डावर फिटरच्या अक्षरात ‘पॅरलल’. शिवाय त्याची कबुली. यात शोधायचं काय उरलंय?”

“कॉइल सुट्या करून मोजल्यात?”

“गरज काय?”

“मला आहे.”

तिने खांदे उडवणाऱ्या सर्व्हेअरकडे पाठ फिरवली. वूफरचा कागदी कोन जळून गेला होता, पण चुंबकाच्या पोटातल्या दोन्ही कॉइल शाबूत होत्या. तिने जोड सोडवला आणि मीटरची टोकं एकीला लावली. मनात ती एकच आकडा घोकत होती. साडेतीन दिसू दे. चारची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवते.

एक पॉइंट आठ.

दुसरी. एक पॉइंट आठ.

म्हणजे वूफर खरोखरच दोन-दोनचा होता.

“झालं समाधान?” सर्व्हेअरने विचारलं.

ती उत्तर न देता बॅटरीजवळ गेली. गाडीचा पुढचा भाग वाचला होता. अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या वायरवरचा फ्यूज तिने बोटाने पुसला. “हा दीडशेचा आहे. कार्डावर साठचा लिहिलाय.”

“गाडीवालीने बदलला असेल. लोक बदलतात.”

साठचा फ्यूज असता तर तो उडाला असता, वायर वाचली असती, गाडीही. ताईच्या रागाला आता तोंड सापडलं. बाईनेच मनाने फ्यूज बदलला आणि म्हातारा फुकट मेला, असं पुटपुटत ती निघाली. पण रस्ताभर तो एक पॉइंट आठ काही डोळ्यांपुढून हलेना. जोडणी मास्तरांची, अक्षर मास्तरांचं. आणि मीटर कुणाची बाजू घेत नाही.

पहिल्यांदाच तिला वाटलं, की कदाचित म्हातारा खरंच चुकला असेल.

३

गाडीची मालकीण नाच शिकवायची. मोकळ्या मैदानात गाडी उभी करायची, डिकी उघडायची आणि त्या वूफरच्या ठेक्यावर चाळीस बायकांना नाचवायची. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता.

“त्या म्हाताऱ्याची वकिली करायला आलात?” ती दारातच कडाडली. “माझी मुलगी त्या सीटवर होती! चार सेकंद उशीर झाला असता तर?”

“आणि फ्यूज कोणी बदलला?” ताईनेही आवाज चढवला. “साठचा काढून दीडशेचा घालायचा उद्योग मास्तरांनी नाही केला!”

“कुठला फ्यूज? मला गाडीचं बॉनेट उघडता येत नाही, बाई!”

बाईच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसता संताप होता. ताईला तो संताप ओळखीचा वाटला. तिने आवाज खाली आणला.

“मला एकच सांगा. सिस्टिम बसवल्यापासून कधी बंद पडायची का? गाणं चालू असताना मध्येच?”

“पहिले आठ महिने कधीच नाही. रोज दोन तास फुल आवाजात. मग शेवटचे तीन आठवडे सारखी. तीन गाणी झाली की गप्प. थंड झाली की पुन्हा सुरू.”

ताई खुर्चीच्या कडेवर सरकली. एक ओमवर तो अ‍ॅम्प पहिल्या दिवसापासून गप्प बसायला हवा होता. आठ महिने तो रोज दोन तास वाजला, याचा अर्थ आठ महिने त्याच्यावर योग्यच भार होता.

“तीन आठवड्यांपूर्वी काय झालं?”

“वूफर टरटरायला लागला. माझा कार्यक्रम दोन दिवसांवर होता. दीर गाडी शोरूमला घेऊन गेले. तासाभरात नीट करून आणली.”

दीर आतल्या खोलीतून बाहेर आला होता. धिप्पाड, पण आवाज अगदी खालचा. “तिथल्या झटपटने घेतली गाडी. वॉरंटीचं कार्ड मागितलं, मी दिलं, ते काही परत आलं नाही. पुढच्या आठवड्यात फ्यूज उडायला लागला म्हणून परत गेलो. त्याने कायतरी बदललं. म्हणाला, आता उडणार नाही. मास्तर त्या दिवसांत डोळे तपासायला रजेवर होते.”

झटपट म्हणजे शोरूममधला दुसरा फिटर, पस्तिशीचा, मास्तरांच्या निम्म्या वेळात काम उरकणारा.

“वूफर उघडताना तुम्ही पाहिलंत?”

“नाही. मला बाहेर बसवलं होतं.”

पडद्यामागून एक दहा वर्षांची मुलगी पुढे आली. आईच्या चांगल्या हाताला लगटून उभी राहिली. “मी वूफरच्या मधल्या गोल बटणावर मांजर काढलं होतं. पांढऱ्या पेनने. गाडी परत आली तेव्हा मांजर नव्हतं.”

“पुसलं गेलं असेल गं,” दीर म्हणाला. “मी तेव्हाही सांगितलं तुला.”

“ते पेन पुसलं जात नाही,” मुलगी म्हणाली. “मी आईच्या कपाटावर काढलंय, ते अजून आहे.”

४

शोरूमच्या काचा चकचकीत होत्या आणि मालकही. त्याने ताईला बसायला खुर्ची दिली, एसी वाढवायला सांगितला, आणि मास्तरांविषयी बोलताना गळा दाटून आणला.

“माणूस सोन्यासारखा. पण डोळ्यांपुढे कुणाचं चालतं? मीच म्हटलं, मास्तर, दोन ओळी लिहून द्या, पुढचं मी बघतो.”

“ती गाडी नंतर परत आली होती इथे?”

“छे. बसवली त्या दिवशी गेली ती गेली. त्यानंतर थेट आगीचीच बातमी.”

“तिचे दीर म्हणतात, दोनदा आणली.”

“म्हणणारच. विम्याचा प्रश्न आहे. कुणीतरी रस्त्यावरच्या मेकॅनिककडून फ्यूज बदलून घेतला आणि आता आमच्या गळ्यात.” मालक पुढे झुकला. “तुम्ही या धंद्यातल्या, तुम्हाला सांगतो. आठ महिने त्या बाईने त्या वूफरवर नुसता अत्याचार केला. कोन उभा चिरेपर्यंत वाजवला. अशा गिऱ्हाइकाला कुठलीही सिस्टिम पुरत नाही.”

ताईने मान डोलावली. मग मागच्या शेडकडे बोट केलं. “झटपटशी बोलू?”

झटपट एका गाडीखाली आडवा होता. तो बाहेर आला तेव्हा त्याने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि स्वच्छ झालेले हात तिसऱ्यांदा पुसले.

“गाडी आलीच नव्हती,” तो म्हणाला. तिने अजून काही विचारलंच नव्हतं.

“मास्तरांनी तुला शिकवलं ना काम?”

“हो.”

“त्यांनी कबुली दिली तेव्हा तू कुठे होतास?”

“तिथेच. समोर.” त्याने मान खाली घातली. “पेन माझं होतं.”

ताईच्या तोंडात एक सणसणीत शिवी आली. ती तिने गिळली, कारण काचेमागून मालक बघत होता. ती बाहेर पडली, पायऱ्या उतरली, आणि शेवटच्या पायरीवर एकदम थबकली. मालकाचं एक वाक्य तिच्या कानात उशिरा पोचलं होतं.

तिने तिथूनच सर्व्हेअरला फोन लावला. “आवार बंद करू नका. मी परत येतेय. आणि या वेळी वूफर बॉक्समधून पूर्ण बाहेर काढायचाय.”

५

आठ स्क्रू. ताईने एकेक सोडवला आणि वूफर दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. आगीने बॉक्सची बाहेरची बाजू खाल्ली होती, पण वूफरच्या लोखंडी कडेखाली झाकलेली लाकडी पट्टी जशीच्या तशी होती.

“मोजा,” ती म्हणाली.

सर्व्हेअरने वाकून भोकं मोजली. मग चष्मा सारखा करून पुन्हा मोजली. “सोळा.”

“स्क्रू आठ आणि भोकं सोळा. मास्तर बॉक्स बनवताना वूफर समोर ठेवून मापं घेतात. आठच पाडतात.”

“पहिली आठ चुकली असतील.”

“मग त्यांच्यात स्क्रूचे आटे खोल उमटले नसते. आणि हा वळ बघा.” तिने लाकडावरच्या कापडात रुतलेल्या गोल खुणेवर बोट फिरवलं. “इथे रुंद गास्केटचा, म्हणजे रुंद रबरी कडेचा वूफर कित्येक महिने दाबून बसला होता. आपण आत्ता काढला त्याची कड याच्या निम्मीही नाही. जो वूफर जळला, तो मास्तरांनी बसवलेलाच नाही.”

सर्व्हेअरनेही त्या खुणेवर बोट फिरवलं. स्वतःची चूक लक्षात आलेल्या माणसासारखे त्याचे कान लाल झाले. “सिद्ध कसं करणार? पहिला वूफर कुठाय?”

याचं उत्तर तिला वाटेत सुचलं होतं. वूफर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे अवघड अ‍ॅम्प तिच्याकडेच दुरुस्तीला येत. शोरूमने वॉरंटीचं कार्ड ठेवून घेतलं, ते उगाच नाही; त्यावर जुना वूफर कंपनीकडे बदलून मागितला असणार. तिने सर्व्हिस सेंटरच्या बाईंना फोन केला, तारीख सांगितली, गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं. पलीकडे कीबोर्डचा खडखडाट झाला.

“सापडलं,” बाई म्हणाल्या. “बारा इंची, डबल कॉइल. आम्ही बदलून नवा पाठवलाय शोरूमला. जुन्याचा फोटोही आहे. पाठवू?”

फोटो आला. ताईने तो पाहिला, आणि फोन सर्व्हेअरच्या हातात दिला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूमच्या काचेच्या खोलीत सगळे जमले. सर्व्हेअरनेच बोलावलं होतं. नाच शिकवणारी बाई, तिची मुलगी, दीर, झटपट. आणि काकूंनी हाताला धरून आणलेले मास्तर, चष्म्याशिवाय.

“वेळ कुणाला आहे?” मालक हसत म्हणाला. “कबुली लिहून दिलीय ना?”

“काल तुम्ही मला सांगितलंत, की बाईंनी कोन उभा चिरेपर्यंत वाजवला,” ताई म्हणाली. तिचा आवाज तिच्या मानाने फारच हळू होता. “जळालेल्या वूफरचा कोन राख झालाय, त्यावरून काही कळत नाही. गाडी पहिल्या दिवसानंतर तुम्ही पाहिलीच नाही. मग कोन चिरलेला, आणि तोही उभा, हे तुम्हाला कसं कळलं?”

मालकाचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. “अंदाज.”

“असं?” तिने फोन मुलीसमोर धरला. फोटोत एक वूफर होता. काळ्या कोनाला वरून खालपर्यंत चीर गेलेली. मधल्या गोल बटणावर मिशा असलेलं पांढरं मांजर.

“माझं मांजर!” मुलगी ओरडली.

“मांजराखालचं लेबल वाचा, सर्व्हेअरसाहेब. मोठ्याने.”

“चार ओम अधिक चार ओम.”

काकूंनी मास्तरांचा दंड घट्ट धरला.

“मास्तरांनी बसवला तो हा,” ताई म्हणाली. “चार-चार पॅरलल, बरोबर दोन ओम. जोडणी अगदी कार्डावर लिहिलीय तशी. आठ महिने बिनतक्रार वाजला. मग तो चिरला. कंपनीकडून बदली यायला पंधरा दिवस, आणि बाईंचा कार्यक्रम दोन दिवसांवर. मालकांकडे दोन-दोनचे वूफर धूळ खात पडले होते. त्यातला एक बसवला. नियमाने दोन्ही कॉइल एकामागोमाग एक, सिरीज करायला हव्या होत्या, म्हणजे चार ओम झाले असते. पण मग आवाज पडला असता. बाईंनी लगेच विचारलं असतं, की हे काय? म्हणून जोडणी होती तशीच पॅरलल ठेवली. एक ओम. आवाज दणदणीत. पुढे फ्यूज उडायला लागला, तर दीडशेचा घातला. आणि कंपनीने बाईंच्या नावावर पाठवलेला नवा चार-चार? तो मालकांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकून टाकला असणार, कारण बाईंच्या हातात तो आला नाही.”

“हे सगळं झटपटचं काम!” मालक उसळला. “मला काय माहीत, शेडमध्ये काय चालतं?”

झटपटचं तोंड पांढरं पडलं. ताई त्याच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात मास्तर बोलले.

“बॉक्स बंद करायच्या आधी मीटर लावलास?”

झटपटने होकारार्थी मान हलवली.

“तोंडाने सांग.”

“लावला होता.”

“किती आला?”

“शून्य पॉइंट नऊ.” त्याचा आवाज फुटला. “मी मालकांना सांगितलं, मास्तर. शपथेवर. ते म्हणाले, चालतंय, कुणी मोजायला बसलंय का. फ्यूजच्या वेळीही सांगितलं. म्हणाले, मोठा टाक आणि विषय संपव.”

“तुला आकडा दिसला होता,” मास्तर म्हणाले. “तुझे डोळे चांगले आहेत. तुला दिसला होता!”

शेवटचे शब्द त्यांनी एवढ्या मोठ्याने उच्चारले, की शेडमधलं काम थांबलं. बावीस वर्षांत त्या भिंतींनी हा आवाज ऐकला नव्हता. मास्तर उठून उभे राहिले होते.

“मी इतके दिवस झोपलो नाही! डोळे मिटले की ती सीट दिसायची. मला वाटलं, मी एका पोरीला जाळायला निघालो होतो. आणि तू समोर उभा राहून मला पेन दिलंस? आणि तुम्ही!” ते मालकाकडे वळले. “माझ्या म्हातारपणावर पांघरूण घालतो म्हणालात. माझं म्हातारपणच पांघरूण म्हणून तुम्ही स्वतःच्या अंगावर ओढून घेतलंत! काढा तो कागद!”

“मास्तर, शांत व्हा, आपण बसून काहीतरी मार्ग...”

“कागद!”

सर्व्हेअरने फायलीतून कबुली काढली आणि मास्तरांच्या हातात दिली. सगळ्यांना वाटलं, ते ती फाडणार. त्यांनी फाडली नाही. काकूंकडून चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला, आणि कबुलीच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘वरील मजकूर माझ्याकडून खोटं सांगून लिहून घेतला. वूफर चार-चारचा होता. जोडणी बरोबर होती.’ खाली सही, तारीख आणि वेळ.

“हा आता पोलिसांना द्या,” ते म्हणाले. “दोन्ही सह्या माझ्याच आहेत.”

नाच शिकवणारी बाई उठली, मालकासमोर गेली आणि बँडेजचा हात त्याच्या तोंडासमोर धरला. मालकाने नजर काचेकडे वळवली, तर काचेबाहेर शेडमधले सगळे फिटर उभे होते.

७

त्यानंतर शोरूमला सील लागलं, मालकावर गुन्हा दाखल झाला आणि झटपटने जबाब दिला. मास्तर आता ताईच्या दुकानात बसतात. डोळ्यांची पुन्हा तपासणी झाली, चष्म्याचा नंबर बदलला, एवढंच.

ताईने त्यांना एक गोष्ट सांगितली, कारण ती मनात ठेवून काम करणं तिला जमेना. “आवारात एक पॉइंट आठ दिसला तेव्हा मलाही वाटलं होतं, की तुम्ही चुकलात.”

“वाटायलाच हवं होतं,” मास्तर म्हणाले. “मीटर तसं म्हणत होतं. माझ्यावर माया म्हणून आकडा नाकारला असतास, तर पुढचं काही सापडलं नसतं.” मग म्हणाले, “पण वाईट वाटलं.”

एका दुपारी झटपट दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात काहीच नाही.

“काय हवंय?” ताई खेकसली.

“मास्तर, माफ करा.”

मास्तर एका अ‍ॅम्पचं झाकण बसवत होते. त्यांनी चारही स्क्रू नीट आवळले, मगच वर पाहिलं. त्यांच्या नजरेतला राग तसाच होता. तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

“माझ्याकडे कशाला आलास? माझं काय जळलं?”

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर नाच शिकवणाऱ्या बाईचा पत्ता लिहिला आणि त्याच्यापुढे धरला.

“मुलगी पाचला शाळेतून येते. तिच्यासमोर बोल.”

झटपटने कागद घेतला. रस्त्यावर जाऊन तो थबकला. बसस्टँड डावीकडे होता, बाईचं घर उजवीकडे. ताई काउंटरवर ओणवी होऊन बघत होती. त्याने कागद पुन्हा वाचला, घड्याळात पाहिलं, आणि उजवीकडे वळला.

“गेला,” ती म्हणाली.

“जाऊ दे,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पुढचा अ‍ॅम्प उघडला.